विश्लेषण : हत्तीचा खटला लढवला, तरी कायद्याच्या लेखी ‘वकील’ नाही! परवीन मिस्त्रीमागची खरी वकील कॉर्नेलिया सोराबजी कोण होत्या?

मुंबई, साल १९२१. मलबार हिलवरच्या एका बंगल्यात एका गिरणीमालकाच्या तीन विधवा राहतात. तिघीही पडदानशीन. घराबाहेर पडत नाहीत, परक्या पुरुषासमोर येत नाहीत. एक दिवस वकिलाच्या ऑफिसात पत्र येतं. तिघींनीही आपली मेहर, म्हणजे निकाहाच्या वेळी बायकोच्या नावे ठरलेली हक्काची रक्कम किंवा मालमत्ता, वक्फला देऊन टाकायचं ठरवलंय, असं त्यात लिहिलेलं असतं. खाली सह्याही असतात. पण त्या सह्या बघून ऑफिसातल्या तरुण सॉलिसिटरच्या मनात पाल चुकचुकते. वडिलांना किंवा दुसऱ्या कुठल्या पुरुषाला त्या बायकांशी समोरासमोर बोलता येणार नाही. तिला येईल. कारण ती स्वतः बाई आहे.

ही सॉलिसिटर म्हणजे परवीन मिस्त्री आणि ही गोष्ट आहे सुजाता मॅसी यांच्या ‘द विडोज ऑफ मलबार हिल’ या २०१८ मध्ये आलेल्या कादंबरीची. पुढे बंगल्यात खून होतो, परवीन त्याचा छडा लावते. गोष्ट खुनाची असली तरी पुस्तक अंगावर येत नाही. पारशी घरातलं खाणंपिणं, ऑफिस सांभाळणारा मुस्तफा, ऑक्सफर्डची मैत्रीण ॲलिस यांच्या संगतीत पानं पटापट उलटतात. अगाथा आणि मेरी हिगिन्स क्लार्क हे रहस्यकथांसाठीचे दोन मोठे पुरस्कार या पुस्तकाला मिळाले. त्यानंतर या मालिकेत ‘द सतापूर मूनस्टोन’, ‘द बॉम्बे प्रिन्स’ आणि ‘द मिस्ट्रेस ऑफ भाटिया हाऊस’ अशी आणखी पुस्तकं आली.

परवीन काल्पनिक आहे. पण पडद्याआडच्या बायकांपर्यंत पोहोचणारी बाई वकील ही कल्पना हवेतून आलेली नाही. मॅसी यांनी ज्या दोन खऱ्या स्त्रियांवरून ती घेतली, त्यातल्या पहिलीचा जन्म नाशिकचा आणि शिक्षण पुण्याचं. त्यांचं नाव कॉर्नेलिया सोराबजी. त्यांच्या खऱ्या आयुष्यात कादंबरीपेक्षा जास्त वळणं आहेत.

नाशिकमध्ये जन्म, पुण्यात कॉलेज

कॉर्नेलिया यांचा जन्म १५ नोव्हेंबर १८६६ रोजी नाशिकला झाला. वडील सोराबजी खरसेदजी हे मूळचे पारशी. तरुणपणी त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि पुढे मिशनरी म्हणून काम केलं. आई फ्रान्सिना यांना लहानपणी एका ब्रिटिश दांपत्यानं दत्तक घेतलं होतं. घर भावंडांनी भरलेलं. कॉर्नेलिया यांचं बालपण काही काळ बेळगावात आणि नंतर पुण्यात गेलं.

आई नुसती घर सांभाळणारी नव्हती. फ्रान्सिना यांनी पुण्यात शाळा काढल्या, आणि अडचणीतल्या बायका सल्ला विचारायला त्यांच्याकडे येत. त्यातल्या एका बाईची हकिकत कॉर्नेलिया यांनी आपल्या आठवणींत सांगितली आहे. गुजरातकडची एक श्रीमंत विधवा होती. तिचा सगळा व्यवहार एका कारभाऱ्याच्या हातात होता. त्यानं तिच्याकडून एका कागदावर सही करून घेतली आणि मालमत्ता स्वतःच्या नावावर केली. कागदात काय लिहिलंय हे तिला माहीतच नव्हतं. दाद मागायची तर वकील सगळे पुरुष आणि ही पडद्यात. लहानग्या कॉर्नेलिया यांच्या डोक्यात वकिलीचं खूळ शिरलं ते तिथे.

मलबार हिलवरच्या त्या तीन सह्यांचं मूळही याच जातीच्या फसवणुकीत आहे.

मुंबई विद्यापीठाची दारं मुलींसाठी उघडली ती १८८३ मध्ये. त्यासाठी पाठपुरावा करणाऱ्यांत कॉर्नेलिया यांचे वडीलही होते. कॉर्नेलिया यांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात प्रवेश घेतला. तिथल्या त्या पहिल्या विद्यार्थिनी. बाकी सगळे मुलगे. त्यातले काही जण वर्गाचं दार त्यांच्या तोंडावर लावून घ्यायचे. १८८८ पर्यंत त्या पहिल्या वर्गात पदवीधर झाल्या. मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर म्हणून त्यांचंच नाव घेतलं जातं.

शिष्यवृत्ती गेली कुठे?

गुणांमध्ये पहिल्या येणाऱ्या विद्यार्थ्याला इंग्लंडला जाऊन शिकण्यासाठी सरकारी शिष्यवृत्ती मिळायची. कॉर्नेलिया यांच्या सांगण्यानुसार त्या पहिल्या आल्या होत्या. शिष्यवृत्ती मात्र मिळाली नाही, कारण ती मुलग्यांसाठी होती. नियम लिहिणाऱ्यांनी एखादी मुलगी पहिली येईल हे गृहीतच धरलं नव्हतं. सॉफ्टवेअरवाले ज्याला ‘एज केस’ म्हणतात, त्यातला हा प्रकार. अशी केस समोर आली की नियम दुरुस्त करायचा असतो. इथे केसच बाद करण्यात आली.

मग त्यांनी अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात इंग्रजी शिकवायला सुरुवात केली. ते कॉलेज मुलांचं आणि शिकवणारी बाई विशीतली. दरम्यान इंग्लंडमध्ये त्यांच्यासाठी पैसे उभे करण्याची खटपट सुरू झाली. लेडी हॉबहाऊस आणि ॲडलेड मॅनिंग यांनी पुढाकार घेतला. मदत करणाऱ्यांच्या यादीत फ्लोरेन्स नाइटिंगेल आणि सर विल्यम वेडरबर्न ही नावंही आहेत. १८८९ मध्ये कॉर्नेलिया ऑक्सफर्डला सोमरव्हिल हॉलमध्ये दाखल झाल्या.

ऑक्सफर्डनं परीक्षा घेतली, पदवी दिली नाही

ऑक्सफर्डमध्ये त्यांच्या पाठीशी उभे राहिले बेलियल कॉलेजचे प्रमुख बेंजामिन जॉवेट. व्हिक्टोरियन काळातला हा बडा माणूस. पण एवढं वजन असूनही अडथळे संपले नाहीत. बॅचलर ऑफ सिव्हिल लॉ, म्हणजे बीसीएल, ही परीक्षा तोवर एकाही स्त्रीनं दिली नव्हती. कॉर्नेलिया यांना बसू द्यावं म्हणून १८९२ मध्ये विद्यापीठाला खास ठराव करावा लागला. त्या परीक्षेला बसल्या, पास झाल्या, पण तिसऱ्या वर्गात. हा तिसरा वर्ग त्यांना आयुष्यभर बोचत राहिला असावा. त्यांच्यावरच्या कौतुकाच्या लेखांत तो बहुतेक वेळा गाळला जातो. खरं तर लपवण्यासारखं त्यात काही नाही.

आता यातली गंमत बघा. परीक्षा पास झाली, पण पदवी मिळाली नाही. स्त्रियांना पदवी द्यायचीच नाही, असा ऑक्सफर्डचा नियम होता. तो बदलला १९२० मध्ये. कॉर्नेलिया यांच्या हातात पदवी पडली १९२२ मध्ये, म्हणजे परीक्षेनंतर ३० वर्षांनी. इंग्लंडमध्ये पहिली स्त्री बॅरिस्टर झाली तेही १९२२ मध्येच. तिचं नाव आयव्ही विल्यम्स.

परीक्षेनंतर त्यांनी लंडनच्या ली अँड पेम्बर्टन या सॉलिसिटर फर्ममध्ये कामाचा अनुभव घेतला आणि १८९४ मध्ये त्या भारतात परतल्या. डोक्यात काम पक्कं होतं. पडद्याआडच्या बायकांची वकिली करायची.

सॉलिसिटर, बॅरिस्टर, वकील, प्लीडर : फरक काय?

पुढची गोष्ट कळायला हे माहीत असायला हवं. आज आपण सगळ्यांनाच वकील म्हणतो. तेव्हा त्यात पायऱ्या होत्या.

बॅरिस्टर म्हणजे लंडनच्या ‘इन’मधून शिकून आलेला आणि हायकोर्टात युक्तिवाद करणारा. सॉलिसिटर किंवा ॲटर्नी अशिलाला भेटणार, कागदपत्रं, करार, मृत्युपत्रं बघणार आणि बॅरिस्टरला केस तयार करून देणार. मुंबई-कलकत्त्याच्या हायकोर्टांत ही विभागणी काटेकोर होती. वकील म्हणजे इथल्याच परीक्षा देऊन हायकोर्टात नाव नोंदवलेला. प्लीडर बहुतेक जिल्हा कोर्टांत काम करायचे.

कादंबरीतली परवीन सॉलिसिटर का आहे, याचं उत्तर इथे मिळतं. १९२१ च्या मुंबईत ती कोर्टात उभी राहू शकत नाही. पण फाइल उघडू शकते, अशिलाच्या घरी जाऊ शकते, सही कोणाची आहे ते विचारू शकते. रहस्यकथेला यापेक्षा जास्त काय लागतं? कोर्टात उभं राहून भाषण ठोकण्यापेक्षा डिटेक्टिव्हला हेच काम उपयोगाचं.

कॉर्नेलिया यांच्याकडे तर सॉलिसिटरचीही पाटी नव्हती. ऑक्सफर्डची परीक्षा होती, पण इथल्या कोर्टात तिला किंमत शून्य.

हत्तीचा खटला आणि झोपाळ्यावरचा न्यायाधीश

सुरुवातीला त्यांना काम मिळालं संस्थानांमध्ये. काठियावाड आणि इंदूरकडच्या संस्थानांत ब्रिटिश एजंटसमोर पडदानशीन बायकांच्या वतीनं बाजू मांडण्याची खास परवानगी त्यांना मिळाली होती.

याच काळातला एक किस्सा त्यांनी आत्मचरित्रात रंगवून सांगितला आहे. पंचमहाल भागातलं एक संस्थान. अशील चक्क एक हत्ती. त्याच्या पोटापाण्यासाठी पूर्वी देऊन ठेवलेली बाग नंतर काढून घेतली गेली होती. काढून घेणारा राजा आणि निवाडा करणाराही तोच! कॉर्नेलिया तयारी करून गेल्या. राजेसाहेब झोपाळ्यावर बसलेले. युक्तिवादाची वेळच आली नाही. राजाच्या कुत्र्याला ही नवी वकीलीणबाई आवडली, एवढ्यावर निकाल हत्तीच्या बाजूनं लागला.

ऐकायला मजा येते. पण एवढं शिकून आलेल्या वकिलाला सुनावणी मिळाली ती कुत्र्याच्या मर्जीवर, हेही त्यात आहेच.

दुसरी केस मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. १८९६ मध्ये पुण्यातल्या सत्र न्यायालयात एका स्त्रीवर खुनाचा आरोप होता. फौजदारी प्रक्रिया संहितेत एक फट होती. नोंदणीकृत वकील नसलेल्या व्यक्तीलाही न्यायालयाच्या परवानगीनं आरोपीची बाजू मांडता येत असे. तिथे ‘व्यक्ती’ म्हणजे पुरुषच, असा वाद कोणी घालायच्या आत कॉर्नेलिया त्या फटीतून आत शिरल्या. आरोपी सुटली. ब्रिटिश न्यायाधीशासमोर उभं राहून बाजू मांडणारी पहिली स्त्री, असा त्यांचा उल्लेख होतो तो याच केसमुळे.

एका केसनं दार उघडलं नाही. मग त्यांनी हवी ती प्रत्येक परीक्षा द्यायचा सपाटाच लावला. १८९७ मध्ये मुंबई विद्यापीठाची एलएलबी. १८९९ मध्ये अलाहाबाद हायकोर्टाची वकिलीची परीक्षा. दोन्हीत पास. अलाहाबादला परीक्षेला बसू दिलं होतं, म्हणजे पास झाल्यावर सनदही मिळेल असं कोणालाही वाटेल. तसं झालं नाही. हायकोर्टानं नाव नोंदवायला नकार दिला. तेव्हा त्या ३२ वर्षांच्या होत्या.

पडद्याआड नेमकं काय चालायचं?

कॉर्नेलिया यांच्या आयुष्याचा गाभा इथे आहे आणि बहुतेक लेखांत तो दोन ओळींत उरकला जातो.

एक मोठा जमीनदार वारला असं समजू. मुलगा चार वर्षांचा. विधवा पडद्यात. इस्टेट हजारो एकरांची, कर्ज डोक्यावर, भाऊबंद टपलेले. अशा वेळी सरकारचं ‘कोर्ट ऑफ वॉर्ड्स’ मध्ये पडायचं. नाव कोर्ट असलं तरी हे न्यायालय नव्हे, इस्टेट सांभाळणारं सरकारी खातं. वारस अज्ञान असेल किंवा मालकीण बाई कारभार चालवायला असमर्थ ठरवली गेली असेल, तर इस्टेटीचा ताबा खात्याकडे जायचा. सारा गोळा करणं, कर्ज फेडणं, विधवेला दरमहा खर्चाची रक्कम देणं, मुलाच्या शिक्षणाची सोय करणं ही सगळी जबाबदारी खात्याची.

पण खात्यातले सगळे अधिकारी पुरुष. राणीसाहेबांशी बोलायचं कसं? मध्ये पडदा किंवा चिक. पलीकडून आवाज येतो, किंवा तोही येत नाही. भाऊ, दिवाण, मुनशी, दासी यांच्यापैकी कोणीतरी निरोप पोहोचवतं. राणी काय म्हणाली आणि साहेबाला काय सांगितलं गेलं, यात जमीनअस्मानाचं अंतर पडू शकायचं. मुळात पडद्यामागे राणीच बसली आहे याचीही खात्री नातेवाईकाच्या शब्दावर. कागदावर उमटलेला अंगठा कोणाचा, हा प्रश्न तर त्याहून पुढचा.

हे कायद्यालाही ठाऊक होतं. पडदानशीन स्त्रीनं केलेला दस्तऐवज खरा धरायचा, तर तिला तो नीट समजावून सांगितला होता आणि तिनं तो समजून उमजून केला होता, हे सिद्ध करण्याची जबाबदारी समोरच्या पक्षावर, असं तत्त्व लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनं निकालांमधून घालून दिलं होतं. अशा स्त्रीला प्रत्यक्ष कोर्टात हजर राहण्यापासूनही सूट होती. संरक्षण कागदावर पुरेसं होतं. पण समजावून सांगायला आत जाणार कोण?

कॉर्नेलिया यांनी १९०२ पासून नेमका हाच मुद्दा सरकारकडे लावून धरला. सरकारनं स्त्री कायदा सल्लागार नेमावी, अशी त्यांची मागणी होती. १९०४ मध्ये बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्ये ‘लेडी असिस्टंट’ म्हणून त्यांची नेमणूक झाली. काम कायद्याचं, हुद्दा मदतनिसाचा. पुढच्या काही वर्षांत बंगालबरोबर बिहार, ओरिसा आणि आसामही त्यांच्याकडे आलं.

पालखी, होडी, हत्ती, आगगाडी, मिळेल त्या वाहनानं त्या इस्टेटींवर जायच्या. तिथे फक्त कायद्याचे कागद बघून भागत नसे. कोणत्या सासूनं कोणत्या सुनेचा भत्ता अडवलाय, दत्तक कोणाला घ्यायचं, अज्ञान वारसाच्या जिवाला घरातूनच धोका आहे का, मुलीला शिकवायला कोणाला ठेवायचं, दागिन्यांच्या पेटीची किल्ली कोणाकडे, सगळं त्यांच्यापुढे यायचं. यातल्या अर्ध्या गोष्टी कुठल्याच कायद्याच्या पुस्तकात नव्हत्या.

सुमारे २० वर्षांत ६०० हून अधिक स्त्रिया आणि अनाथ मुलांना त्यांनी मदत केली. काही वेळा फी न घेता. १९०९ मध्ये सरकारनं त्यांना कैसर-ए-हिंद सुवर्णपदक दिलं. या कामातून त्यांनी पुस्तकंही लिहिली. ‘लव्ह अँड लाइफ बिहाइंड द पर्दा’ त्याआधीच, १९०१ मध्ये आलं होतं. ‘बिटवीन द ट्वायलाइट्स’ १९०८ मध्ये आणि ‘द पर्दानशीन’ १९१७ मध्ये आलं.

मॅसी यांच्या मालिकेतल्या दुसऱ्या पुस्तकात हीच नोकरी थोडी बदलून येते. ‘द सतापूर मूनस्टोन’ मध्ये परवीनला सह्याद्रीतल्या एका काल्पनिक संस्थानात पाठवलं जातं, कारण तिथल्या दोन्ही राण्या, सासू आणि सून, पडद्यात आहेत आणि अल्पवयीन राजाच्या शिक्षणावरून त्यांचं पटत नाही. तिला नेमणारी यंत्रणा कोल्हापूर एजन्सी. म्हणजे कॉर्नेलिया यांच्या बंगालमधल्या कामाची आवृत्ती लेखिकेनं आपल्या घाटात आणून बसवली आहे.

‘व्यक्ती’ म्हणजे कोण? पाच न्यायाधीशांपुढचा प्रश्न

दरम्यान दुसऱ्या मुलीही कायदा शिकू लागल्या होत्या. १९१६ मध्ये रेजिना गुहा या कायद्याच्या पदवीधर तरुणीनं अलीपूरच्या कोर्टात प्लीडर म्हणून नोंदणीसाठी अर्ज केला. कायद्यात लिहिलं होतं, पात्र ‘व्यक्ती’ला नोंदणी मिळेल. शिवाय कायद्यांचा अर्थ लावण्याच्या सर्वसाधारण नियमानुसार पुल्लिंगी शब्दात स्त्रीही धरली जाते. मग अडचण कुठे होती?

कलकत्ता हायकोर्टात हा प्रश्न पाच न्यायाधीशांपुढे गेला. त्यांनी ठरवलं, या कायद्यातल्या ‘व्यक्ती’मध्ये स्त्री येत नाही. कायदा करणाऱ्यांच्या मनात पुरुषच होते, असा त्यामागचा सूर.

मग १९१९ मध्ये ब्रिटिश संसदेनं इंग्लंडपुरता कायदा बदलला आणि तिथल्या स्त्रियांना वकिलीचा मार्ग मोकळा झाला. त्याचा परिणाम इथेही जाणवला. १९२१ मध्ये अलाहाबाद हायकोर्टानं कॉर्नेलिया सोराबजी यांचं नाव वकील म्हणून नोंदवलं. त्यांची परीक्षा होऊन २२ वर्षं झाली होती आणि त्या पंचावन्नाव्या वर्षात होत्या. त्याच वर्षी पाटणा हायकोर्टानं सुधांशुबाला हाजरा यांचा तसाच अर्ज फेटाळला. एकाच देशात, एकाच कायद्याखाली, गंगेच्या काठावरची ही दोन हायकोर्टं!

हा घोळ संपला १९२३ मध्ये. केवळ स्त्री आहे म्हणून कोणालाही वकिलीपासून रोखता येणार नाही, असं सांगणारा ‘लीगल प्रॅक्टिशनर्स (विमेन) ॲक्ट’ त्या वर्षी आला.

कोर्टाचं दार उघडलं, मग पुढे?

कॉर्नेलिया यांनी लंडनच्या लिंकन्स इनमधून बॅरिस्टर ही पदवीही मिळवली आणि १९२४ मध्ये कलकत्त्यात प्रॅक्टिस सुरू केली. इतकी वर्षं ज्याची वाट बघितली, ते समोर होतं. पण केसेस आल्याच नाहीत, किंवा आल्या त्या फक्त लेखी मत मागण्यापुरत्या. उभं राहून युक्तिवाद करण्याची संधी पुरुष सहकाऱ्यांच्या जगात क्वचितच मिळाली. १९२९ मध्ये त्यांनी काम थांबवलं आणि त्या लंडनला राहायला गेल्या.

परवीनमागची दुसरी स्त्री या बाबतीत जास्त नशीबवान ठरली. मिठान टाटा, लग्नानंतरच्या मिठान लाम, यांचा जन्म १८९८ चा, म्हणजे कॉर्नेलिया यांच्यापेक्षा ३२ वर्षांनी लहान. १९१९ मध्ये आई हिराबाईंबरोबर त्या लंडनला गेल्या आणि भारतीय स्त्रियांना मताधिकार मिळावा म्हणून तिथल्या समितीपुढे बाजू मांडली. १९२३ मध्ये लिंकन्स इनमधून बॅरिस्टर होऊन त्या परतल्या आणि मुंबई हायकोर्टात वकिली करणाऱ्या पहिल्या स्त्री ठरल्या. त्यांच्या सुरुवातीच्या अशिलाची गोष्ट वकिलांच्या वर्तुळात अजून सांगितली जाते. केस भक्कम होती, जिंकणार हे नक्की होतं. पण समोरच्याला एका बाईकडून हरल्याची नामुष्की सोसावी लागावी, म्हणून त्या गृहस्थानं मुद्दाम मिठान यांना वकीलपत्र दिलं! १९४७ मध्ये मिठान मुंबईच्या पहिल्या महिला शेरीफ झाल्या.

मग शाळेच्या पुस्तकांत हे नाव ठळक का नाही?

याचं कारण राजकारणात आहे. कॉर्नेलिया ब्रिटिश राजवटीच्या बाजूनं होत्या. गांधीजींच्या सविनय कायदेभंगाला त्यांचा विरोध होता आणि तो त्यांनी लिहून, बोलून दाखवला. सनातनी घरांतल्या बायकांवर सुधारणा वरून लादू नयेत, त्या आतून आणि सावकाश व्हाव्यात, असं त्यांचं मत होतं. पडद्याआड २० वर्षं काढलेल्या बाईचं हे मत सहज झटकून टाकता येणार नाही. पण त्या काळच्या सुधारकांना आणि स्त्री संघटनांना ते रुचणं शक्य नव्हतं.

त्यात १९२७ मध्ये अमेरिकन लेखिका कॅथरीन मेयो यांचं ‘मदर इंडिया’ आलं. भारतीय समाजाचं विद्रूप चित्र रंगवून भारत स्वराज्याला लायक नाही असं सुचवणाऱ्या या पुस्तकावर देशभर संताप उसळला. लाला लजपतराय यांनी त्याला उत्तर देणारं अख्खं पुस्तक लिहिलं. कॉर्नेलिया मात्र मेयो यांची बाजू घेणाऱ्यांत होत्या. ही त्यांची मोठी चूक होती, असं आज म्हणता येतं. पडदानशीनांची दुःखं त्यांच्याइतकी जवळून कोणी पाहिली नव्हती, आणि त्याच दुःखांचा वापर देशाला कमी लेखण्यासाठी होत असताना त्या वापर करणाऱ्यांच्या शेजारी उभ्या राहिल्या. याची किंमत त्यांनी मोजली. जुने स्नेही दुरावले, कलकत्त्यातली आधीच कमी असलेली कामं आणखी आटली.

लंडनमध्ये त्यांनी ‘इंडिया कॉलिंग’ हे आत्मचरित्र १९३४ मध्ये प्रसिद्ध केलं आणि दोन वर्षांनी ‘इंडिया रिकॉल्ड’. नजर अधू झाली, शेवटची वर्षं आजारपणात गेली. ६ जुलै १९५४ रोजी वयाच्या ८७ व्या वर्षी लंडनमध्ये त्यांचं निधन झालं. तोवर स्वतंत्र भारताला सात वर्षं होत आली होती आणि इथे त्यांची आठवण काढणारं फारसं कोणी उरलं नव्हतं.

आठवण परत आली ती एकविसाव्या शतकात. पुतणे आणि तत्त्वज्ञानाचे अभ्यासक रिचर्ड सोराबजी यांनी २०१० मध्ये त्यांचं चरित्र लिहिलं. २०१२ मध्ये लिंकन्स इनमध्ये त्यांचा अर्धपुतळा बसवण्यात आला. १५ नोव्हेंबर २०१७ रोजी, त्यांच्या १५१ व्या जयंतीला, गुगलनं डूडल केलं. वकिलाच्या वेशातल्या कॉर्नेलिया आणि मागे अलाहाबाद हायकोर्टाची इमारत. आणि दोनच महिन्यांनी मॅसी यांची कादंबरी दुकानांत आली.

कादंबरीनं काय बदललं?

परवीनला मॅसी यांनी कॉर्नेलिया यांच्यासारखं ख्रिस्ती ठेवलं नाही, पारशीच ठेवलं. त्यामुळे तिच्या फसलेल्या लग्नाची गोष्ट १८६५ च्या पारशी विवाह आणि घटस्फोट कायद्यात अडकते आणि तिची स्वतःची केस अशिलांच्या केसइतकीच गुंतागुंतीची होते. दुसरा बदल म्हणजे तिला वडिलांची फर्म मिळाली आहे. कॉर्नेलिया यांच्यामागे अशी तयार गादी नव्हती. तिसरा बदल राजकारणाचा. परवीनला स्वातंत्र्य चळवळीबद्दल सहानुभूती आहे. आजच्या वाचकाला जवळची वाटेल अशी नायिका घडवायची, तर खऱ्या कॉर्नेलिया यांची ती बाजू पेलवणारी नव्हती, हे उघड आहे.

परवीनपासून सुरुवात करायची असेल तर पुस्तकं क्रमानंच वाचावीत, कारण तिच्या लग्नाची गोष्ट पहिल्या पुस्तकात उलगडते. कॉर्नेलिया यांच्याच शब्दांत सगळं वाचायचं असेल तर ‘इंडिया कॉलिंग’ आहे. हत्ती, झोपाळा आणि तो कुत्रा, तिघेही त्यात भेटतात. आणि पुणेकरांना त्यांच्या घराण्याची खूण बघायला पुस्तकही उघडावं लागणार नाही. कॉर्नेलिया यांच्या बहीण सुझी सोराबजी यांनी सुरू केलेली सेंट हेलेनाज ही मुलींची शाळा पुण्यात आजही भरते.